बांधावरचं गाव : प्रस्तावना

टोल्सबरी मी पहिल्यांदा पाहिलं ते बांधावरून. लेक चेम्सफर्डला नोकरीला, नात दोन महिन्यांची, आणि मी बाळंतपणासाठी म्हणून गेलेली. एका रविवारी जावयांनी गाडी काढली, समुद्र बघून येऊ म्हणाले. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याचा तो एसेक्सचा सपाट मुलूख. समुद्र कुठे दिसेचना. शेतं संपली, घरं संपली, गवतातून उगवल्यासारख्या होड्यांच्या डोलकाठ्या दिसू लागल्या, आणि रस्ता एका हिरव्या चढापाशी थांबला. चढून वर गेले आणि पाय तिथेच थांबले. एका हाताला तुडुंब भरतीचं राखाडी पाणी. दुसऱ्या हाताला कुरण, त्यात मेंढ्या. आणि पाण्याची पातळी मेंढ्यांच्या पाठीच्या वर.

जावई म्हणाले, "ही सी वॉल." माझ्या तोंडून निघालं, "हा तर बाहेरकाठा!"

मी अलिबाग तालुक्यातल्या खारातली. आमचं भाताचं शेत खाडीच्या पातळीखाली, मधे मातीचा बांध. तो बाहेरकाठा. त्यात ठिकठिकाणी उघाड्या, म्हणजे ओहोटीला आतलं पाणी सोडणारी आणि भरतीला आपोआप मिटणारी दारं. बांध फुटला की म्हणायचं खांड गेली. उधाणाच्या रात्री वडील कंदील घेऊन बांधावर फेऱ्या मारायचे, खेकड्यांची बिळं बुजवायचे, कारण खांड एका बिळातूनच सुरू होते. हजारो मैलांवर, थंड वाऱ्यात, मला तोच बांध भेटला. तेच बाहेरचं पाणी, तेच आतलं शेत, पाण्याच्या कडेला तीच झडपेची दारं. त्या दिवशी घरी जाऊन मी नकाशा मागितला. या पुस्तकाची सुरुवात तिथली.

त्यानंतरच्या अकरा वर्षांत मी पाच वेळा तिकडे गेले आणि प्रत्येक वेळी टोल्सबरीत काही दिवस राहिले. हे प्रवासवर्णन नाही, आणि इतिहासाचं पुस्तक म्हणावं एवढा माझा अधिकार नाही. एका गावानं समुद्राशी हजार-दीड हजार वर्षं कसा व्यवहार केला, काय घेतलं, काय परत दिलं, ते बांधावर उभं राहून जसं दिसलं तसं लिहिलं आहे.

ब्लॅकवॉटर नदी समुद्राला मिळते तिथे तिचं मुख चांगलंच रुंद होतं. आपण त्याला खाडी म्हणू, आणि तोच शब्द सगळ्यात जवळचा आहे. वरच्या अंगाला हीच नदी पँट या नावानं वाहते. खाडीच्या उत्तर तीरावर, तोंडापाशी टोल्सबरी आहे. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. मधे चौक, चौकाला लागून सेंट मेरीचं नॉर्मन काळातलं चर्च, चर्चच्या आवाराच्या कडेला फळ्यांची एक खोली. जुन्या काळी दारू पिऊन दंगा करणाऱ्याला रात्रभर तिच्यात कोंडत. गाव चढावर आहे, आणि चढ म्हणजे किती, तर पावसाचं पाणी वाहून जाईल एवढाच. पण या मुलखात तेवढ्या उंचीवर जीव वाचतात. चौकातून अर्धा-पाऊण मैल उतरत गेलं की वुडरोल्फची खाडी लागते. होड्या, चिखल आणि खारवट गवताचं रान.

गावाच्या पाटीवर नांगर आहे आणि शीड आहे. इथले लोक आपल्या गावाची ओळखच तशी सांगतात, नांगराचं आणि शिडाचं गाव. मला आधी वाटलं, अर्धे शेतकरी आणि अर्धे दर्यावर्दी असतील. तसं नाही. एकाच घरात, बऱ्याचदा एकाच माणसाच्या हातात, दोन्ही होतं. थेम्सच्या मुखात आणि या खाड्यांत चालणारी सपाट बुडाची बार्ज इथल्या जगण्याचं मूळ वाहन. ओहोटीला ती चिखलावर सरळ बसते, कलंडत नाही. त्यामुळे धक्का लागत नाही, बंदर लागत नाही, शेताच्या टोकाशी जाऊन माल भरता येतो. अंगावर तांबडी-करडी शिडं, दोन्ही बाजूंना पंख्यासारख्या फळ्या, आणि एवढं मोठं जहाज चालवायला एक माणूस नि एक पोर पुरे. एसेक्सच्या शेतातलं गवत आणि पेंढा डोलकाठीच्या निम्म्यापर्यंत रचून ही बार्ज लंडनला जायची. गंजी एवढी उंच की सुकाणूवरच्या माणसाला पुढचं दिसत नसे, गंजीवर बसलेला सोबती ओरडून सांगायचा. लंडनमध्ये तेव्हा घोडेच घोडे. ते गवत खात, आणि येताना बार्ज त्यांचीच लीद भरून आणी. ती याच शेतांत पडे. शहर आणि शेत यांच्यात असा सरळ हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मोटारी आल्या, घोडे गेले आणि हिशेब मोडला.

चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या दगडी पात्राची गोष्ट आत सविस्तर आली आहे, तरी इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७१८ साली एक गृहस्थ पिऊन चर्चमध्ये आले आणि प्रार्थना चालू असताना मोठमोठ्यानं शिव्या देऊ लागले. प्रकरण वर जाऊ नये म्हणून त्यांनी पाच पौंड दिले. त्या पैशातून हे पात्र घडवलं, आणि चर्चमध्ये शिवीगाळ करू नका, या माणसानं केली तशी, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरून ठेवला. पुढे तीनशे वर्षं गावातल्या बाळांच्या डोक्यावर त्या दंडाच्या पात्रातलं पाणी पडत आलं. गावानं त्या माणसाला ना माफ केलं ना हाकललं. त्याला जन्माच्या विधीत कायमचा बसवून ठेवला. मला हे फार मोठ्या मनाचं वाटतं.

शिडाच्या बाजूचं वैभव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं, तेही बाहेरच्या पैशावर. श्रीमंतांच्या शर्यतीच्या यॉट चालवायला कसलेली माणसं लागत, आणि ती या किनाऱ्याच्या गावांत मिळत. हिवाळ्यात कालवं आणि मासे, उन्हाळ्यात धनिकाच्या यॉटवर नोकरी, असं वर्षाचं चक्र होतं. लिप्टन चहाचे सर थॉमस लिप्टन यांनी 'अमेरिका चषक' जिंकण्यासाठी पाच वेळा शर्यत लावली. १९३० सालच्या पाचव्या आणि शेवटच्या खेपेला त्यांच्या 'शॅमरॉक ५'चे कप्तान होते याच गावचे नेड हर्ड. शर्यत हरली. पण अशा मोठ्या यॉटची शिडं हिवाळ्यात कोरडी राहावीत म्हणून वुडरोल्फला लाकडी पायांवर उभ्या केलेल्या चार कोठ्या आजही आहेत. बाहेरून जिना, खालून भरतीचं पाणी जाईल अशी मोकळी जागा. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला भाताची कणगी आठवली. उंदरांपासून भात राखायचं आणि पाण्यापासून शीड राखायचं, युक्ती एकच.

रेल्वेबद्दल थोडक्यात. केल्व्हडन ते टोल्सबरी ही छोटी लाइन १९०४ मध्ये सुरू झाली. १९०७ मध्ये ती खाडीतल्या धक्क्यापर्यंत वाढवली, यॉटवाले आणि हौशी प्रवासी येतील या आशेवर. ते आले नाहीत, आणि धक्क्याचं स्टेशन १९२१ मध्येच मिटलं. जवळच्या टिपट्री गावातल्या कारखान्याचा जॅम मात्र याच गाडीनं जगभर निघायचा. १९५१ च्या मे महिन्यात शेवटची प्रवासी गाडी धावली. लोक तिला लाडानं खेकडा-शिंपल्याची गाडी म्हणत. रुळांच्या जागी आता पायवाट आहे, दोन्ही बाजूंना काटेरी जाळ्या.

चिखलाकडे मात्र सावकाश बघायला हवं. बाहेरचा माणूस ओहोटीला इथे आला तर त्याला वाटतं, काहीच नाही. करडा चकचकीत गाळ, त्यात सापासारखे वळणारे ओहळ, वर खारवट झुडपांचे ताटवे. खाली वाकून बघितलं की गाळावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, आणि कान दिला तर एक बारीक चिरचिर ऐकू येते. पाणी उतरताना लाखो बिळांतून हवा निघते तिचा तो आवाज. खाजणाच्या कडेला वाढलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. तिथल्या खारगवतात सॅम्फायर नावाची एक मांसल काडी उगवते, हिरवी, सांध्यासांध्यांची. मोडून तोंडात टाकली की आधी मीठ लागतं, मग कोवळ्या शेंगेची चव.

मिठाचंही तसंच. या किनाऱ्यावर शेतांत मधेच तांबड्या भाजलेल्या मातीचे बुटके ढिगारे आढळतात. एसेक्सभर असे तीनशेच्या वर नोंदलेले आहेत. लोहयुगात आणि रोमन काळात खाडीचं पाणी मातीच्या भांड्यांत आटवून मीठ काढत, त्या भट्ट्यांचा आणि फुटक्या भांड्यांचा हा ढीग. आपल्या मिठागरात ऊन ते काम फुकट करतं, इथे ऊन तेवढं नाही म्हणून आग. पण पाऊसही कमीच. एसेक्सचा किनारा ब्रिटनमधल्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी एक, वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर. त्यामुळे खाडीचं पाणी चांगलं खारट राहतं. खाडीच्या वरच्या टोकाला मॉल्डन गाव आहे. तिथली मीठ कंपनी १८८२ पासून त्याच पाण्याचं मीठ काढते, कढयांत उकळून, पिरॅमिडसारख्या पापुद्र्यांचं.

कालवांचं प्रकरण पुस्तकात सर्वांत मोठं झालं, याबद्दल मला संकोच नाही. ब्लॅकवॉटरचं मूळचं कालव चपटं, गोल, हळू वाढणारं. उन्हाळा त्याचा विणीचा काळ, म्हणून तेव्हा ते खात नाहीत. त्याच्या पिल्लांना चिकटायला काहीतरी टणक लागतं, आणि चिखलात टणक म्हणजे मेलेल्या कालवांचे शिंपलेच. पूर्वजांच्या कवचावर नवी पिढी बसते. म्हणून अती उपसा झाला की नुसती आजची कालवं जात नाहीत, उद्याची बसायची जागाही जाते. १९६२-६३ च्या हिवाळ्यात या खाड्या गोठल्या आणि कालवं प्रचंड संख्येनं मेली. पुढे १९८०च्या दशकात रोग आला. मच्छीमार, संशोधक आणि निसर्गरक्षक एकत्र आले, आणि २०१३ मध्ये ब्लॅकवॉटर, क्राउच, रोच आणि कोल्न या खाड्यांना सागरी संरक्षण मिळालं. आता तळावर मुद्दाम शिंपले पसरतात. मागणी पहिल्यांदा कालवं काढणाऱ्यांकडूनच आली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

या चिखलानं माणसं मारलीही. लेखक डॅनियल डीफो १७२०च्या दशकात या भागातून फिरला, आणि इथल्या दलदलीतल्या शेतकऱ्यांनी पाच-सहापासून चौदा-पंधरापर्यंत लग्नं केल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे. पुरुष इथेच जन्मलेले, तापाला सरावलेले. बायका उंचावरच्या निरोगी गावांतून आणलेल्या, त्या खाली येत आणि सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात जात. तो ताप म्हणजे हिवताप. इंग्लंडमध्ये मलेरिया होता हे मला साठी उलटल्यावर कळलं. डीफो हे हसत सांगतो. मला ते वाचून त्या मुली दिसल्या, बैलगाडीत बसून उतार उतरणाऱ्या. त्यांची नावं कुठेही नाहीत. पुस्तकाचं चौथं प्रकरण त्यांच्यासाठी आहे.

पलीकडच्या तीराबद्दल फार लिहिलेलं नाही, तो वेगळ्या पुस्तकाचा ऐवज आहे. ब्रॅडवेलला सेंट सेडनं ६५४च्या सुमारास रोमन किल्ल्याचे दगड वापरून बांधलेलं चर्च अजून उभं आहे. मधली कित्येक वर्षं ते धान्याचं कोठार होतं. त्याच तीरावर १९६२ ते २००२ चाललेलं अणुवीज केंद्र, टोल्सबरीच्या बांधावरून दिसणारे दोन अवाढव्य ठोकळे. मॉल्डनजवळ नॉर्दी बेटावर ९९१ मध्ये व्हायकिंग उतरले. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाटेवरून ते मुख्य भूमीवर आले, लढाईत सरदार बिर्टनॉथ पडला, आणि त्याच वर्षी इंग्लंडनं त्यांना दहा हजार पौंड चांदी देऊन परत पाठवलं. ही लढाई त्या वाटेवरच्या भरती-ओहोटीनं ठरवलेल्या वेळेला झाली, एवढंच आपल्या विषयाशी लागतं.

आणि आता बांध. ३१ जानेवारी १९५३च्या रात्री उत्तर समुद्रात वादळ आणि उधाण एकाच वेळी आलं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसं बुडाली, त्यातली ५८ एसेक्समधल्या एकट्या कॅन्व्ही बेटावर. उत्तरेकडे पाणी संध्याकाळीच चढलं होतं, पण दक्षिणेकडच्या गावांना कुणी कळवलं नाही. लोक झोपेत असताना बांध फुटले. त्यानंतर बांध उंच झाले, रुंद झाले, काँक्रीटच्या लाद्यांनी मढले. पुढच्या पिढीला वाटलं, प्रश्न मिटला.

मिटला नव्हता. इंग्लंडचा हा कोपरा हळूहळू खचतो आहे आणि समुद्र चढतो आहे. पाणी चढलं की खारगवताचं रान मागे सरकू बघतं, पण मागे बांध. दोन्हीच्या मधे सापडून ते झिजतं. आणि ते रानच तर लाटेचा जोर मोडत होतं. रान गेलं की लाट थेट बांधावर, मग बांध आणखी उंच हवा, आणखी खर्च हवा. शेवटी १९९१ मध्ये नॉर्दी बेटावर एका हेक्टराहून कमी जागेत समुद्र आत घेऊन आधी बघितलं, आणि ऑगस्ट १९९५ मध्ये टोल्सबरीला मोठा प्रयोग झाला. मागे नवा बांध घातला, आणि पुढच्या जुन्या बांधाला यंत्रानं खांड पाडली. एकवीस हेक्टर नांगरलेली शेतजमीन समुद्राला परत दिली.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. बांध फोडायचा? वडील ज्या बिळांवर माती लोटत होते तीच बिळं आता सरकारनं पाडायची? त्या खांडीपाशी मी अख्खी दुपार बसले. आत शेताच्या कुंपणाची ओळ अजून ओळखू येत होती, मिठानं मेलेली, पांढरी पडलेली झुडपं, चिखलात रांगेनं उभी. त्यांच्या बुडाशी सॅम्फायर. बाहेरून गाळ घेऊन आलेली भरती आत शिरली की संथ होते आणि गाळ टाकून जाते. असा थर चढत गेला की आधी सॅम्फायर येतं, मग बाकीची झुडपं. संशोधकांनी तिथे वर्षानुवर्षं मोजमाप केलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की नव्या गाळाखाली नांगरटीनं दबलेली जुनी जमीन पाणी नीट झिरपू देत नाही, आणि नवं रान मूळ रानाइतकं विविध झालेलं नाही. समुद्राकडून घेतलेली जमीन परत दिली तरी ती तशीच्या तशी परत जात नाही. नांगराची खूण आत राहते.

आमच्या खारातही खांड गेली, २००५च्या पावसाळ्यात. ती कुणी पाडली नव्हती. अर्ज झाले, पाहण्या झाल्या, दुरुस्ती झाली नाही. दोन वर्षांत खारं पाणी विहिरीपर्यंत आलं, सहाव्या वर्षी शेतात तिवरं माणसाएवढी झाली. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. पण मग ते शेत ना भाताचं राहिलं ना कुणी ते विकत घेतलं. टोल्सबरीत जमिनीचे पैसे आधी दिले, मागचा बांध आधी बांधला, आणि मगच पाणी आत घेतलं. जाणून फोडलेला बांध आणि दुर्लक्षानं फुटलेला बांध वरून सारखाच दिसतो. आत शिरणाऱ्या पाण्यालाही फरक कळत नाही. फरक कळतो तो ज्याचं शेत आहे त्याला. कोकणातल्या खारभूमीबद्दल जे बोलतात, ठरवतात, त्यांनी हे पुस्तक वाचावं अशी माझी इच्छा आहे, आणि ती मी लपवत नाही.

शब्दांबद्दल एक खुलासा. इंग्रजीतले तिथले शब्द मराठीत लिहून मी अडून बसले नाही, कारण खारातले आपले शब्द तंतोतंत लागू पडतात. खाजण, उघाडी, खांड, उधाण, भांग म्हणजे लहान भरती, सुकती म्हणजे ओहोटी. यातले बरेच शब्द माझ्या नातीला माहीत नाहीत. ती आता अकरा वर्षांची आहे, आणि हे पुस्तक तिला वाचून दाखवताना तिनं प्रत्येक शब्दाला हात वर करून थांबवलं. त्यामुळे मजकूर पुष्कळ सुधारला.

भरतीच्या वेळा मात्र मी तिथल्या तक्त्यावरून घेतल्या नाहीत. आमच्याकडे तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमेला म्हणजे सव्वाअकरा, बाराच्या सुमाराला. पहिल्याच खेपेला मी सहज दाते पंचांग उघडून हिशेब केला, आणि टोल्सबरीची भरती तासाभराच्या फरकानं जुळली. एकच चंद्र, आणि योगायोगानं दोन्ही किनाऱ्यांवर त्याच्या ओढीची वेळ जवळजवळ सारखी. मागच्या कार्तिकी पौर्णिमेला मी आणि नात दुपारी साडेअकराला खांडीपाशी जाऊन बसलो. सैबेरियातून हिवाळ्यापुरते येणारे ब्रेंट हंस कुरणात उतरले होते, काळे, बुटके, एकमेकांशी सारखे बोलत. बाराला दहा कमी असताना पाण्याची पहिली जीभ खांडीतून आत आली, जुन्या शेताच्या चरीतून वळली आणि मेलेल्या कुंपणाच्या बाजूनं सरकू लागली. नातीनं घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली. ती वही पुस्तकाच्या शेवटी जशीच्या तशी छापली आहे.